ओशिमा ताकातो: तोफांच्या अभ्यासातून लोखंडाच्या भट्टीकडे (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हे ओशिमा ताकातो नक्की कोण?

जपानमध्ये आधुनिक पद्धतीने लोखंड काढायची सुरुवात ज्यांच्या नावावर जमा आहे ते हे. तिकडे त्यांना आधुनिक लोहनिर्मितीचे जनक म्हणतात. जन्म १८२६चा, मोरिओका गावचा, म्हणजे होन्शू बेटाच्या पार उत्तरेकडचं नाम्बू संस्थान, आजचा इवाते प्रांत. वारले १९०१ साली. सुरुवात केली पाश्चात्य तोफशास्त्राचे अभ्यासक म्हणून आणि शेवट झाला खाणी आणि भट्ट्यांचे इंजिनिअर म्हणून, आणि हे सगळं अशा देशात की जिथे त्यांच्या तरुणपणी परदेशात जायला बंदी होती आणि युरोपशी संबंध म्हणजे नागासाकीच्या बंदरातले मूठभर डच व्यापारी, एवढंच.

मेइजी काळाबद्दल, म्हणजे १८६८ला शोगुनची (सम्राटाच्या नावाने देश चालवणाऱ्या लष्करी शासकाची) सत्ता जाऊन नवं सरकार आलं तिथून पुढच्या काळाबद्दल आपण वाचतो तेव्हा सम्राट, शोगुन, सैगो ताकामोरीसारखे सेनानी वगैरे मंडळी येतात, पण कारखाना उभा करणारी माणसं फारशी येत नाहीत. मला विचाराल तर तो काळ समजून घ्यायला ओशिमांइतका चांगला माणूस नाही.

म्हणजे ते सॅमुराई होते का?

हो, पण तलवार घेऊन रणांगणावर उतरणारे नव्हेत. वडील संस्थानाचे डॉक्टर होते, म्हणजे घरात पुस्तकं आणि शिक्षण. त्या काळी जपानमध्ये डच भाषेतून पाश्चात्य विद्या शिकायची सोय मुख्यतः डॉक्टर लोकांकडेच होती, कारण आधी वैद्यकाची पुस्तकं आली आणि मग त्याच भाषेतून बाकी सगळं. ओशिमाही १८४२ साली एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला गेले आणि मित्सुकुरी गेन्पो आणि त्सुबोई शिंदो ह्या नावाजलेल्या गुरूंकडे डच शिकले. दोघंही मूळचे वैद्यकातलेच.

मग डॉक्टरचा मुलगा तोफांकडे कसा काय वळला?

साल बघा ना, १८४२. त्याच वर्षी पहिलं अफूचं युद्ध संपलं, ब्रिटिश आरमाराने चीनला गुडघे टेकायला लावले आणि ही बातमी नागासाकीमार्गे जपानमध्ये पोचली. ज्या चीनकडे शेकडो वर्षं मोठा भाऊ म्हणून बघितलं त्याची ही गत, तर आपलं काय, ही भीती एदोतल्या प्रत्येक विचारी माणसाच्या मनात बसली. त्यामुळे डच येणाऱ्या हुशार पोरांना शरीरशास्त्रापेक्षा तोफ, दारूगोळा, किल्लेबांधणी ह्याच विषयांकडे ढकललं गेलं. ओशिमा १८४६ला नागासाकीला गेले आणि तिथे पाश्चात्य तोफशास्त्र, लष्करी विद्या, आणि त्याच्या जोडीने खाणकाम आणि धातू वितळवणं असं सगळं शिकत राहिले. ही जोडच पुढे महत्त्वाची ठरली, कारण तोफ कशी उडवायची हे शिकणारे बरेच होते पण ती ज्या धातूची असते तो येतो कुठून, हा प्रश्न मनावर घेणारे अगदी थोडे.

ते डच पुस्तक, ज्याचा सगळीकडे उल्लेख येतो, ते काय प्रकरण आहे?

उलरिख ह्युगेनिन नावाच्या डच लष्करी अधिकाऱ्याने लिएजच्या सरकारी तोफा ओतायच्या कारखान्याचं वर्णन लिहिलं होतं, ते १८२६ला छापलं गेलं, म्हणजे योगायोगाने ओशिमांच्याच जन्मसाली. भट्टी कशी बांधायची, साचा कसा करायचा, तोफेला भोक कसं पाडायचं, सगळं आकृत्यांसकट. नागासाकीत ओशिमा आणि तेझुका रित्सुझो ह्या दोघांनी मिळून ते जपानीत आणलं. इतर संस्थानांतही ह्याच पुस्तकाची वेगवेगळी भाषांतरं झाली, सागा, सात्सुमा, निरायामा, सगळ्यांनी ह्याच्याच आधाराने भट्ट्या बांधल्या.

आता विचार करा की ह्यातल्या एकानेही अशी भट्टी प्रत्यक्ष डोळ्यांनी बघितलेली नाही, चालवणारा माणूस भेटलेला नाही, शंका आली तर विचारायला कोणी नाही, मापं डच, शब्द डच, आणि पुस्तक आधीच वीस वर्षं जुनं. नुसत्या कागदावरून लोखंड वितळवायचं. ओतकामात काम केलेल्या कुणालाही विचारा, चालू भट्टी समोर असताना पण नवीन माणसाला किती वर्षं जातात हात बसायला.

पेरीची काळी जहाजं आली त्याच्याशी ह्यांचा काय संबंध?

थेट संबंध आहे. जुलै १८५३ मध्ये अमेरिकेचा कमोडोर पेरी वाफेवर चालणारी जहाजं घेऊन एदोच्या खाडीत शिरला आणि सगळीकडे एकच धावपळ उडाली, किनाऱ्यावर तोफा पाहिजेत, त्या पण आत्ता पाहिजेत. जपानमध्ये तोफा होत्या पण बहुतेक ब्राँझच्या, आणि ब्राँझ महाग, देवळांच्या घंटा वितळवायची वेळ आली होती. लोखंडी तोफा स्वस्त पडतात पण त्या ओतायला पाश्चात्य भट्टी पाहिजे.

मितो संस्थानाचे माजी दाइम्यो, म्हणजे संस्थानिक, तोकुगावा नारिआकी हे समुद्री संरक्षणाच्या बाबतीत सगळ्यात आग्रही. त्यांचे सल्लागार फुजिता तोको ह्यांनी ओशिमांना मितोला बोलावून घेतलं. सोबतीला सात्सुमाचे ताकेशिता सेइएमोन होते, मिहारूचे कुमादा होते, म्हणजे वेगवेगळ्या संस्थानांची माणसं एकत्र आली, जे त्या काळात सोपं नव्हतं. नाकामिनातो इथे समुद्राजवळ परावर्तनी भट्टी बांधायची ठरली. आधी प्रश्न विटांचा. साधी वीट त्या उष्णतेत टिकत नाही, तिचं पाणी होतं, म्हणून आधी माती शोधा, मग विटा भाजून बघा, फुटल्या की परत माती बदला. बांधकामाची जबाबदारी स्थानिक सुतारावर. पहिली भट्टी १८५५ मध्ये पुरी झाली आणि त्याच नोव्हेंबरात एदोला प्रचंड भूकंप झाला, त्यात फुजिता तोको गेले. ज्या माणसाच्या शब्दावर हे सगळं उभं राहिलं होतं तोच गेला, तरी काम थांबलं नाही. दुसरी भट्टी १८५७ला उभी राहिली.

परावर्तनी भट्टी आणि झोतभट्टी, दोन्ही एकच ना?

नाही हो, आणि इथेच बहुतेकांचा घोटाळा होतो, त्यामुळे जरा नीट सांगतो.

परावर्तनी भट्टीत लोखंड तयार होत नाही, आधीच तयार असलेलं लोखंड फक्त वितळतं. इंधन एका बाजूला जळतं, ज्वाळा कमानदार छतावर आपटून खाली दुसऱ्या बाजूला ठेवलेल्या लोखंडावर वळते, उंच धुराडं हवा ओढून घेतं. कोळसा आणि लोखंड एकमेकाला शिवत नाहीत, त्यामुळे धातू स्वच्छ राहतो आणि एका वेळी भरपूर वितळतो, तोफेला तेच पाहिजे.

झोतभट्टी, म्हणजे ब्लास्ट फर्नेस, ही दगडापासून लोखंड बनवते. वरून खनिज आणि कोळसा थराथराने टाकायचे, खालून जोराने हवा मारायची. कोळसा जळून जो कार्बन मोनॉक्साइड तयार होतो तो वर चढता चढता खनिजातला ऑक्सिजन काढून घेतो, लोखंड सुटं होतं, त्यात कार्बन शिरतो आणि त्यामुळे ते कमी तापमानाला वितळतं. शुद्ध लोखंडाला साधारण १५३८ अंश लागतात, ह्या कार्बनवाल्याला ११५०-१२०० पुरतात. तळाशी जमतं ते बीड, त्याच्यावर तरंगते ती मळी, म्हणजे खनिजातला वितळलेला कचरा.

जपानमध्ये आधीपासून लोखंड बनत नव्हतं का? तलवारी कशाच्या होत्या मग?

बनत होतं की, आणि उत्तम बनत होतं. तातारा नावाची पद्धत, नदीतली लोहवाळू आणि लोणारी (लाकडाचा) कोळसा मातीच्या भट्टीत घालून तीन-चार दिवस अखंड भाते चालवायचे आणि शेवटी भट्टी फोडून आतला गोळा काढायचा. तलवारीसाठी ह्यातलं पोलाद नंबर एक. पण प्रत्येक वेळी भट्टी फोडायची आणि नवी बांधायची म्हणजे माल किती निघणार, आणि दुसरं म्हणजे तातारातून जे बीड मिळायचं ते कडक आणि ठिसूळ, फाउंड्रीवाले ज्याला व्हाइट आयर्न म्हणतात तसलं.

मितोमध्ये घोडं अडलं ते इथेच. भट्टी झाली, इझुमोकडचं लोहवाळूचं लोखंड आणून वितळवलं, तोफ ओतली. आखूड नळीची उखळी तोफ निघाली, पण लांब पल्ल्याच्या तोफेला असलं लोखंड चालत नाही, भोक पाडताना हत्यार चालत नाही आणि बार काढताना तोफच फुटली तर मरणार आपलीच माणसं. तोफेला पाहिजे ग्रे आयर्न, ज्यात कार्बन ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात सुटा होतो, त्यामुळे ते थोडं मऊ, कातता येतं, धक्का सोसतं. कोल्हापूर-इचलकरंजीकडे ओतकामात असलेल्यांना हा फरक वेगळा सांगायला नको, पीस तोडला की तुटलेली कड राखाडी आहे की पांढरी हे बघूनच कळतं.

ओशिमांचा मोठेपणा मला इथे वाटतो. बाकीचे साचा बदलून बघत होते, भट्टीची उंची बदलत होते, ह्यांनी सांगितलं की दोष भट्टीत नाहीच, दोष कच्च्या मालात आहे, आणि चांगला माल पाहिजे तर खडकातलं खनिज झोतभट्टीत वितळवलं पाहिजे. आणि तसं खनिज त्यांच्याच संस्थानात होतं.

कामाइशीच का निवडलं?

कारण तिथल्या डोंगरात मॅग्नेटाइट आहे, काळं, जड, लोहचुंबकाला चिकटणारं खनिज, ज्यात शुद्ध स्वरूपात ७२ टक्क्यांपर्यंत लोखंड असतं. शिवाय आजूबाजूला दाट जंगल म्हणजे लोणारी कोळशाची ददात नाही, डोंगरातून वाहणारे ओढे म्हणजे पाणचक्की फिरवायला ताकद फुकट, आणि भट्टीच्या बांधकामाला ग्रॅनाइट. समुद्रही जवळ. एवढं सगळं एका ठिकाणी मिळणं म्हणजे नशीबच.

माणसांचं म्हणाल तर तो भाग तेव्हा फार गरीब होता. १८५३ साली, पेरी आला त्याच वर्षी, ह्याच किनाऱ्यावरच्या हजारो शेतकऱ्यांनी नाम्बू संस्थानाच्या कराविरुद्ध उठाव केला होता आणि सीमा ओलांडून शेजारच्या सेंदाई संस्थानात जाऊन गाऱ्हाणं मांडलं होतं. त्यांच्या म्होरक्यांपैकी एक, मिउरा मेइसुके, हा कुरिबायाशी गावचा, आणि ते गाव आज कामाइशी शहरातच येतं. इतिहास सांगताना बऱ्याचदा फक्त भट्टीचं कौतुक होतं आणि ही बाजू राहून जाते, म्हणून मुद्दाम लिहिलं.

पहिली भट्टी बांधली कशी?

जागा ओहाशी, कामाइशीपासून आत डोंगरात. बाहेरून ग्रॅनाइटचे मोठे चिरे, आतून उष्णता सोसणाऱ्या विटा. आराखडा ह्युगेनिनच्या पुस्तकातला, पण हवेची सोय बघा, युरोपात एव्हाना वाफेच्या इंजिनावर चालणारे ब्लोअर आले होते, इथे ते कुठून आणणार, म्हणून ओशिमांनी जपानी लोहारांकडे असतो तसा लाकडी पेटीचा भाता घेतला, ज्यात आतली फळी मागेपुढे सरकून हवा ढकलते, आणि तो मोठा करून पाणचक्कीला जोडला. म्हणजे पोट युरोपियन आणि फुप्फुसं जपानी. सुताराला पेटी-भाता माहीत होता, पाणचक्की माहीत होती, गवंड्याला किल्ल्याच्या भिंतीचे चिरे बसवायचं माहीत होतं. कोणाला काय येतं हे बघून त्याप्रमाणे काम नेमलं आणि पुस्तकातलं जे जमण्यासारखं नव्हतं तिथे हाताशी असलेलं वापरलं.

भट्टी पेटली आणि लोखंड वाहिलं, तेही परदेशी इंजिनिअर हाताशी नसताना. योकोहामा बंदर परदेशी व्यापाराला उघडलं ते १८५९ मध्ये.

काही ठिकाणी १८५७ लिहितात, काही ठिकाणी १८५८. बरोबर काय?

दोन्ही बरोबर, कॅलेंडर वेगळं. जपानच्या जुन्या चांद्र कॅलेंडरप्रमाणे आन्सेइ ४ (आन्सेइ नावाच्या कालखंडाचं चौथं वर्ष), बारावा महिना, पहिला दिवस. ते वर्ष बरंचसं १८५७ मध्ये पडतं म्हणून सरसकट १८५७ लिहितात, पण तो नेमका दिवस आपल्या इंग्रजी कॅलेंडरने येतो १५ जानेवारी १८५८. जपानमध्ये १ डिसेंबर हा लोखंडाचा दिवस म्हणून पाळतात तो ह्याच्यावरूनच. आपल्याकडे तेव्हा सत्तावन्नचं बंड चालू होतं आणि राणी लक्ष्मीबाई अजून झाशीतच होती, म्हणजे काळाचा अंदाज येईल.

ही खरंच जपानची पहिली झोतभट्टी होती का?

बांधलेली पहिली म्हणाल तर नाही. सात्सुमाने आधी १८५४च्या सुमाराला प्रयत्न केला होता, उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर हाकोदातेजवळही एक भट्टी बांधली गेली, पण दोन्हीकडे सलग उत्पादन काही जमलं नाही. खडकातल्या खनिजापासून रोज नियमितपणे लोखंड काढणारी पहिली भट्टी म्हणाल तर ती ओहाशीची.

त्या लोखंडाच्या तोफा झाल्या का शेवटी?

झाल्या, पण फार थोड्या. कामाइशीचं लोखंड जहाजाने नाकामिनातोला पोचलं, १८५८ मध्ये त्यातून ओतकाम सुरू झालं, आणि नेमकं त्याच वर्षी एदोतलं राजकारण फिरलं, नारिआकींना नजरकैदेत टाकलं आणि मितोचं काम बंद पडलं. पुढे १८६४ला मितोमधल्या यादवीत त्या भट्ट्या उद्ध्वस्त झाल्या. ज्या तोफांसाठी एवढा खटाटोप केला त्या बाजूला राहिल्या आणि तोफेसाठी कच्चा माल म्हणून जे लोखंड काढलं होतं तेच खरं मोठं काम ठरलं.

हाशिनोचं नाव येतं ते काय आहे? जागतिक वारशात आहे ना ते?

हो. ओहाशी जमल्यावर १८५८ मध्येच उत्तरेला हाशिनोला ओशिमांच्या देखरेखीखाली तात्पुरती भट्टी बांधली आणि मग तिथे एकूण तीन भट्ट्या झाल्या. खाण, तिथून खनिज आणायची वाट आणि भट्ट्यांची जागा, अशी अख्खी साखळीच तिथे शिल्लक आहे. खनिज डोंगरावरून बैल आणि घोड्यांच्या पाठीवरून खाली यायचं. भरभराटीच्या दिवसांत हजारेक माणसं तिथे कामाला होती, खाणवाले, कोळसा पाडणारे, भट्टीवाले, ओझी वाहणारे, म्हणजे डोंगरात एक गावच. तिथे लोखंडाची नाणीसुद्धा पाडली जायची. मेइजी सरकारने नाणी पाडायला बंदी केल्यावर दोन भट्ट्या थंडावल्या, तिसरी १८९४ पर्यंत चालली. २०१५ मध्ये मेइजी औद्योगिक क्रांतीच्या २३ ठिकाणांचा मिळून युनेस्कोच्या यादीत समावेश झाला, हाशिनो त्यातलं एक. आता तिथे भट्ट्यांचे दगडी पाये उभे आहेत.

हाकोदातेला ते कशाला गेले होते?

शोगुन सरकारने १८६२ मध्ये दोन अमेरिकन भूशास्त्रज्ञ बोलावले, राफाएल पंपेली आणि विल्यम ब्लेक, होक्काइदोमधल्या खाणी तपासायला. ओशिमा आणि गोर्योकाकू किल्ल्याचा आराखडा करणारे ताकेदा आयासाबुरो हे त्यांच्याबरोबर होते. तिथे युराप्पूच्या शिशाच्या खाणीत दारूचा बार लावून खडक फोडला गेला, जपानी खाणकामात हे पहिल्यांदाच. त्याआधी सगळं छिन्नी-हातोड्याने. म्हणजे वीस वर्षं पुस्तकातून शिकल्यावर ओशिमांना पहिल्यांदा त्या विषयातला परदेशी जाणकार समोर मिळाला. मोरिओकाला पण त्यांनी निश्शिंदो नावाची शाळा काढण्यात पुढाकार घेतला, पाश्चात्य विद्या शिकवायला.

१८६८ला तर नाम्बू संस्थान हरलेल्या बाजूला होतं, मग नव्या सरकारने ह्यांना कसं घेतलं?

बरोबर प्रश्न आहे. उत्तरेकडच्या संस्थानांनी नव्या सरकारविरुद्ध आघाडी केली होती, नाम्बूने तर शेजारच्या आकितावर हल्ला केला, आणि हरल्यावर चांगलीच शिक्षा भोगली. पण नव्या सरकारला खाणी चालवायच्या होत्या आणि ते काम येणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे कोण कुठल्या बाजूचा हे बघून चालणार नव्हतं. ओशिमा सरकारी नोकरीत घेतले गेले आणि १८७० मध्ये बांधकाम-उद्योग मंत्रालय निघालं त्यात खाणींचं काम बघू लागले. खाणविद्येची शाळा काढा म्हणून ते सरकारच्या मागे लागले होते. १८७१च्या डिसेंबरमध्ये सरकारने पाठवलेलं इवाकुरा शिष्टमंडळ अमेरिका-युरोपला निघालं त्यात तेही होते. वयाच्या पंचेचाळिशीत युरोपातल्या खाणी बघितल्या, जर्मनीतलं फ्रायबर्ग बघितलं, जिथे १७६५ पासून खाणविद्येची अकादमी आहे. जे पंचवीस वर्षं आकृत्यांमध्ये वाचलं ते आता धडधडताना समोर होतं.

कामाइशीचा सरकारी कारखाना बुडाला त्यात ओशिमांचा दोष होता का?

अजिबात नाही, उलट त्यांचं ऐकलं नाही म्हणून बुडाला असं म्हणायला चांगली जागा आहे. हा भाग जरा सविस्तर लिहितो.

सरकारने १८७४ मध्ये कामाइशीला आधुनिक कारखाना काढायचं ठरवलं. आराखडे दोन होते. ओशिमांचं म्हणणं, पाच छोट्या भट्ट्या बांधा, प्रत्येकी रोजच्या पाच-सहा टनांच्या, माल वाहायला घोड्यांची ट्रॅम. एक बिघडली तर बाकीच्या चालू राहतील, माणसं हळूहळू तयार होतील, जंगलावर एकदम ताण येणार नाही. सरकारने नेमलेला जर्मन इंजिनिअर बियांकी ह्याचं म्हणणं, २५ टनांच्या दोन मोठ्या भट्ट्या आणि वाफेची रेल्वे. सरकारने बियांकीचा आराखडा घेतला आणि ओशिमांची बदली कोसाकाच्या खाणीवर झाली. सतरा वर्षांपूर्वी त्याच डोंगरात भट्टी पेटवलेला माणूस, त्यालाच बाजूला केलं.

यंत्रसामग्री ब्रिटनहून आली. रेल्वे झाली, जपानमधली तिसरी. सप्टेंबर १८८० मध्ये भट्टी पेटली. एवढ्या मोठ्या भट्टीचं पोट भरायला कोळसा किती लागतो हे लगेच कळलं, त्यात कोळसा पाडायच्या जागेला आग लागली आणि ९७ दिवसांत काम थांबलं. १८८२ला परत सुरू केलं, लोणारी कोळसा पुरेना म्हणून कोक (दगडी कोळसा भाजून केलेलं इंधन) घातला, कोक चांगला नव्हता, मळी आतच घट्ट होऊन बसली, १९६ दिवसांनी दुसऱ्यांदा बंद. सरकारने हात टेकले. ज्या रेल्वेचं एवढं कौतुक होतं तीही उखडली गेली.

मग ओशिमा बरोबर होते असं म्हणता येईल का?

बऱ्याच अंशी, पण थोडं थांबून. सरकारने सोडून दिलेला पसारा तानाका चोबेइ ह्या व्यापाऱ्याने घेतला, काम बघणारे त्यांचे जावई योकोयामा क्युतारो. त्यांनी मोठ्या भट्ट्यांना हात न लावता छोट्या भट्ट्या बांधल्या, लोणारी कोळशावर चालणाऱ्या, जवळजवळ ओशिमांच्याच मापाच्या. ४८ वेळा फसले, ४९व्या वेळेला १६ ऑक्टोबर १८८६ रोजी लोखंड नीट वाहिलं, आणि तिथून कामाइशी जी उभी राहिली ती राहिलीच. म्हणजे छोट्यापासून सुरुवात करा हे म्हणणं खरं ठरलं.

पण मोठी भट्टी मुळातच चुकीची होती असं नाही. १८९४ मध्ये नोरो कागेयोशी ह्या जपानी प्राध्यापकाच्या सल्ल्याने तीच टाकून दिलेली २५ टनांची भट्टी दुरुस्त करून चांगल्या कोकवर चालवली आणि ती व्यवस्थित चालली. म्हणजे भट्टी तीच, डोंगर तोच, बदललं ते इंधन आणि मधल्या बारा वर्षांत तयार झालेली माणसं. ओशिमांचा मुद्दा मुळात हाच होता की आज आपल्याकडे जंगल किती, माणसं किती तयार, ते बघून भट्टीचं माप ठरवा. बियांकीला वाईट ठरवून हा विषय संपत नाही, त्याच्या देशात ते माप योग्यच होतं.

कोसाकानंतर काय केलं त्यांनी?

खाणीच खाणी. सगळ्यात मोठं काम सादो बेटावरच्या सोन्याच्या खाणीचं, १८८५ पासून त्यांच्याकडे तिथला कारभार होता. तिथे खोदलेल्या एका उभ्या खाणीला त्यांच्याच नावावरून ताकातो शाफ्ट म्हणतात. सादो आता जागतिक वारसा यादीत आहे, पण २०२४ मध्ये जे यादीत गेलं ते एदो काळातलं हाताने केलेलं खाणकाम, ओशिमांच्या काळातली यंत्रं त्यात धरलेली नाहीत, हे बघायला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

यावाताच्या पोलाद कारखान्याशी त्यांचा संबंध होता का?

त्यांचा थेट नाही, मुलाचा होता. ओशिमा मिचितारो फ्रायबर्गलाच शिकले, वडील जे बघून आले होते तिथेच, आणि यावाता कारखाना उभा राहिला तेव्हा तांत्रिक बाजूचे प्रमुख तेच. भट्टी चालवायला कामाइशीहून कसलेले कामगार नेले होते. यावाताची पहिली भट्टी ५ फेब्रुवारी १९०१ला पेटली, ताकातो २९ मार्च १९०१ला वारले. ती भट्टी सुरुवातीला नीट चालली नाही, बंद ठेवावी लागली, १९०४ मध्ये परत त्याच नोरो कागेयोशींनी ती मार्गाला लावली.

हे सगळं बघायला जायचं असेल तर?

टोकियोहून शिंकान्सेनने शिन-हानामाकी, तिथून कामाइशी लाइनची गाडी, शेवटचं स्टेशन कामाइशी. गावात लोखंडाच्या इतिहासाचं म्युझियम आहे, आधी ते बघा म्हणजे हाशिनोला गेल्यावर नुसते दगड दिसणार नाहीत. हाशिनो गावापासून लांब डोंगरात आहे, गाडी केलेली बरी, आणि थंडीत बर्फ असतो म्हणून मे ते ऑक्टोबर चांगलं. कामाइशीतल्या शेवटच्या झोतभट्टीचं काम १९८९ मध्येच थांबलं, त्यामुळे चालू भट्टी बघायच्या अपेक्षेने जाऊ नका. नाकामिनातोची परावर्तनी भट्टी बघायची तर ती आता हिताचिनाका शहरात येते, १९३७ मध्ये मूळ जागी परत बांधलेली जोडभट्टी आहे, कात्सुता स्टेशनवरून छोटी लोकल ट्रेन नाकामिनातोला जाते. टोकियोत राहत असाल तर हे एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे, कामाइशीला मात्र मुक्काम धरूनच जा.